सात लाख घरांचा मंत्री

पश्चिम जर्मनीत १९७३ या एका वर्षात ७ लाख १४ हजार घरं बांधून पूर्ण झाली. एवढी घरं त्या देशात एका वर्षात आधी कधी उभी राहिली नव्हती आणि पुढे दोन्ही जर्मनी एक झाल्यावरही राहिली नाहीत. त्या वर्षी बांधकाम आणि नगरविकास खात्याचे मंत्री होते हान्स-योखेन फोगेल. असा आकडा हाती लागला की एखादा मंत्री पुढच्या तीन निवडणुका त्यावर काढील. फोगेल मात्र त्याच काळात एकच गोष्ट लावून धरत होते: घरं कितीही बांधा, जमिनीच्या किमतीला हात घातला नाही तर सामान्य माणसाला शहरात राहणं परवडणार नाही.

तसं पाहिलं तर त्या विक्रमाचं श्रेय त्यांचं नव्हतंच. योजना आधीच्या सरकारांच्या, पैसा तेजीच्या वर्षांतला आणि बहुतेक इमारतींचे पाये ते मंत्री होण्याआधीच भरलेले. १९७४ उजाडलं तेव्हा तर बिल्डरांकडे न खपलेले फ्लॅट पडून होते. एकीकडे कुलूपबंद घरं आणि दुसरीकडे ज्यांना घर हवंय त्यांच्या आवाक्यात ते नाही, हे चित्र मुंबई-पुण्याच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

फोगेल यांचं निदान बरोबर होतं असं मला वाटतं. त्यांचं औषध फसलं, आणि ते फसण्यात विरोधकांइतकाच त्यांचा स्वतःचाही वाटा होता. पण त्यांच्यानंतर जर्मनीने निदानच फाईलबंद करून टाकलं आणि गृहनिर्माणमंत्र्याला घरांच्या संख्येवर जोखायची सवय लावून घेतली. त्याची किंमत तिथले भाडेकरू आज दर महिन्याला मोजताहेत.

फोगेल यांचा जन्म १९२६ मध्ये ग्योटिंगेनचा. वडील प्राध्यापक आणि नाझी पक्षाचे सभासद. मुलगा सतराव्या वर्षी सैन्यात गेला, जखमी झाला, इटलीत युद्धकैदी झाला. परत आल्यावर कायदा शिकला, १९५० मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी सोशल डेमोक्रॅटिक पक्षात गेला. (धाकटे भाऊ बेर्नहार्ड विरुद्ध पक्षात, म्हणजे ख्रिश्चन डेमोक्रॅट्समध्ये गेले आणि पुढे दोन राज्यांचे मुख्यमंत्री झाले. एकाच घरात दोन झेंडे आपल्याकडेही असतात, पण तिथे कारण बहुधा जागावाटपाचं असतं.) काही काळ ट्राउनश्टाइनला न्यायाधीश म्हणून काढल्यावर १९५५ मध्ये फोगेल बव्हेरिया राज्याच्या मुख्यमंत्री कार्यालयात आले. काम रुक्ष होतं: १८०२ पासून साचलेले राज्याचे कायदे चाळायचे, मेलेले बाजूला काढायचे, जिवंत असतील ते एका संग्रहात लावायचे. शिस्त हा त्यांचा स्वभावच होता. पुढे पारदर्शक प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लावलेले त्यांचे कागद हा जर्मन राजकारणातला कायमचा विनोद झाला. पक्षातले लोक त्यांना पाठीमागे ‘हेडमास्तर’ म्हणत.

त्यावेळी राज्याचे मुख्यमंत्री होते विल्हेल्म होएग्नर, म्हणजे १९४६ च्या बव्हेरियन राज्यघटनेचे प्रमुख शिल्पकार. त्या घटनेच्या १६१ व्या कलमात एक वाक्य आहे. मालकाने विशेष कष्ट वा भांडवल न घालता जमिनीची जी किंमत वाढते, ती वाढ सर्वांच्या उपयोगी आणायची, असा त्याचा आशय. बव्हेरिया म्हणजे जर्मनीतला सगळ्यात सनातनी, शेतकरी-कॅथलिक मुलूख, आणि घटनेत हे वाक्य! ते आजही तिथे आहे. त्याची अंमलबजावणी करणारा सर्वंकष कायदा मात्र राज्याने आजवर केलेला नाही. मेलेले आणि जिवंत कायदे वेगळे करणाऱ्या माणसाने हे वाक्य कोणत्या ढिगात ठेवावं हा प्रश्नच आहे. फोगेल म्हातारपणीही ते वाक्य भाषणांतून काढून दाखवत असत.

१ मे १९६० रोजी, चौतिसाव्या वर्षी, ते म्युनिकचे महापौर झाले. दहा लाखांवर वस्तीच्या युरोपीय शहराचा एवढा तरुण महापौर दुसरा नव्हता. मतं ६४ टक्के. सहा वर्षांनी ती ७८ टक्क्यांवर गेली. आणि नेमक्या त्याच वर्षी, जून १९६० मध्ये, राजधानी बॉनमध्ये दोन कायदे झाले. त्यांनी या माणसाचं पुढचं सगळं राजकारण ठरवलं असं म्हणायला हरकत नाही.

हे कायदे ज्यांच्या काळातले ते गृहनिर्माणमंत्री पाउल ल्यूके. त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण फोगेल ज्या प्रश्नाशी झुंजले तो एका अर्थाने ल्यूके यांनी मोकळा सोडला होता. हा कामगार वर्गातून आलेला, युद्धात एक पाय गमावलेला, श्रद्धाळू कॅथलिक माणूस. प्रत्येक कुटुंबाला स्वतःचं छोटं घर आणि परसात चार झाडं, हे त्यांचं स्वप्न. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत घरांचा तुटवडा लाखांनी मोजायचा होता आणि पूर्वेकडून हाकलून दिलेले सुमारे ८० लाख जर्मन त्यात येऊन मिसळले होते. १९५० च्या पहिल्या गृहनिर्माण कायद्याने सहा वर्षांत १८ लाख अनुदानित घरांचं लक्ष्य ठेवलं. ते गाठलं गेलं, ओलांडलंही गेलं. १९५७ मध्ये ल्यूके मंत्री झाले तेव्हा त्यांना वाटलं, आता सरकारी नियंत्रणाच्या कुबड्या काढायला हरकत नाही. १९६० च्या दोन कायद्यांपैकी पहिला हाच: जिथे घरांची तूट ३ टक्क्यांच्या खाली गेली तो जिल्हा ‘पांढरा’ ठरवायचा आणि तिथलं भाडेनियंत्रण उठवायचं. ज्यांना वाढीव भाडं झेपणार नाही त्यांना सरकारने भाड्यापोटी रोख मदत द्यायची. आजचा ‘वोनगेल्ड’ हा भत्ता त्यातूनच जन्मला.

दुसरा कायदा बांधकामाचा. त्याने १९३६ पासून गोठवलेल्या जमिनीच्या किमती मोकळ्या केल्या. किमती भडकतील हे सरकारलाही कळत होतं, म्हणून बांधता येण्याजोगी पण मोकळी ठेवलेली जमीन असेल तर तिच्यावर जादा कर लावला. तो कर जेमतेम दोन वर्षं टिकला. ज्याच्याकडे एखाद-दुसरा प्लॉट होता तो घाबरून विकून मोकळा झाला, ज्याच्याकडे दम होता त्याने ते प्लॉट विकत घेतले आणि बसून राहिला. कर गुपचूप रद्द झाला. मोकळ्या किमती मात्र मोकळ्याच राहिल्या.

आता म्युनिककडे या. शहरात दरवर्षी हजारोंनी माणसं येत होती. नव्या महापौराने विकास आराखडा केला, १९६५ मध्ये भुयारी रेल्वेचं काम काढलं, १९६६ मध्ये रोममध्ये जाऊन १९७२ चं ऑलिंपिक मिळवलं. ऑलिंपिकच्या तारखेमुळे केंद्राचा, राज्याचा पैसा धो-धो आला आणि वीस वर्षांची कामं सहा वर्षांत उरकली. आग्नेयेला पेर्लाखच्या शेतांवर हजारो घरांचं नवं उपनगर उठलं. सुरुवातीला फोगेल यांनाही रुंद रस्ते आणि मोटारींचं वेड होतं. जुन्या शहराभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्यासाठी त्यांनी तोडफोड केली, लोकांचे शिव्याशाप खाल्ले, मग हळूहळू सूर बदलला आणि १९७२ मध्ये शहराचा मुख्य बाजाररस्ता पादचाऱ्यांसाठी बंद केला.

या बारा वर्षांत त्यांनी जे पाहिलं ते साधं आहे. समजा शहराच्या कडेला एखाद्याचं बटाट्याचं शेत आहे. शेत म्हणून त्याची जी किंमत आहे ती आहे. एका संध्याकाळी नगरपरिषद ठराव करते की या बाजूला घरं बांधायला परवानगी. मालक त्या वेळी घरी जेवत असला तरी शेताची किंमत अनेक पटींनी वाढते. दोन वर्षांनी पालिका तिथवर भुयारी रेल्वे न्यायचं ठरवते: आणखी वाढ. मग शाळा, पाण्याची लाईन, बाग, दरवेळी वाढ. यातली एकही वीट मालकाने लावलेली नाही. पैसा करदात्यांचा, वाढलेली किंमत मालकाची. आणि विनोदाचा भाग पुढेच आहे. शाळेसाठी जागा कमी पडली की पालिकेला तीच जमीन त्याच मालकाकडून त्याच वाढीव भावाने विकत घ्यावी लागते. आपणच चढवलेला भाव आपणच मोजायचा! म्युनिकचा महापौर जितकं चांगलं काम करील तितकं म्युनिक महाग होत जाईल, हे ओळखणारा महापौर स्वतः चांगलं काम करणारा होता, म्हणून त्याच्या बोलण्याला वजन आलं.

१९६७ च्या जानेवारीत घटना न्यायालयानेही एका शेतजमिनीच्या प्रकरणात जवळपास हेच म्हटलं. जमीन वाढवता येत नाही आणि तिच्यावाचून चालतही नाही, त्यामुळे तिचा वापर बाजाराच्या मोकळ्या खेळावर आणि एकेकाच्या मर्जीवर पूर्णपणे सोडता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. इतर कुठल्याही मालमत्तेपेक्षा जमिनीच्या बाबतीत सार्वजनिक हित जास्त जोरकसपणे पुढे यायला हवं, असंही. १९७१ मध्ये म्युनिकलाच जर्मन शहरांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं, ‘आमची शहरं आत्ताच वाचवा’ ही हाक घेऊन. फोगेल तिथले आघाडीचे वक्ते होते. एव्हाना पक्षातल्या तरुण डाव्यांशी त्यांचं इतकं वाजलं होतं की महापौरपदाला पुन्हा उभं राहायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. जे ऑलिंपिक त्यांनी आणलं ते सुरू होण्याआधीच, जून १९७२ मध्ये, त्यांनी खुर्ची सोडली. सप्टेंबरमध्ये दहशतवाद्यांनी अकरा इस्रायली खेळाडू-प्रशिक्षकांचा जीव घेतला, तेव्हा मृतदेह घेऊन इस्रायलला जाणाऱ्या विमानात ते होते.

डिसेंबर १९७२ मध्ये चान्सेलर (सरकारप्रमुख) विली ब्रांट यांनी त्यांना मंत्री केलं. आता पाळी कायद्याची होती. फोगेल यांच्या डोक्यात दोन पातळ्यांवरचा विचार होता. जवळची पातळी अशी: पालिकेच्या नियोजनामुळे जमिनीची जी किंमत वाढेल तिचा मोठा हिस्सा मालकाने पालिकेला परत द्यायचा. १९७१ च्या शहर-पुनर्विकास कायद्यात, ठराविक जुन्या वस्त्यांपुरती, ही तरतूद आली होतीच. ती सगळीकडे लागू करायची. लांबची पातळी जास्त धाडसी होती. शहरातल्या जमिनीची मूळ मालकी समाजाकडे ठेवायची आणि वापराचा हक्क माणसाला ठराविक मुदतीने द्यायचा. वरचं घर तुमचं, खालची जमीन गावाची. पक्षाच्या समितीत आणि १९७३ च्या हनोव्हर अधिवेशनात या कल्पनेवर शिक्कामोर्तबही झालं.

इथे त्यांचं चुकलं, असं मला स्पष्ट वाटतं. लांबची कल्पना जाहीर केल्यामुळे जवळची बुडाली. ज्या माणसाने ल्यूके यांच्या काळात बचत करून, कर्ज काढून, तीन खोल्यांचं बंगलीवजा घर बांधलं होतं त्याला एवढंच ऐकू आलं की समाजवादी आता जमीन काढून घेणार. विरोधी वर्तमानपत्रांना याहून जास्त काही लागत नाही. खरं तर ज्याच्या घरामागे एक नासपतीचं झाड आहे त्याच्याकडून कुणाला काही घ्यायचं नव्हतं. प्रश्न शहराच्या कडेच्या शंभर-दोनशे एकरांचा होता. पण कायद्याच्या पंडिताला सिद्धान्त पूर्ण मांडल्याशिवाय चैन पडत नाही. फोगेल यांना मालकीहक्काची सगळी इमारत नव्याने उभारायची होती, तेव्हा एक भिंत हलवली असती तरी पुरली असती.

अर्थात दोष एकट्याचा नाही. खातं दुबळं होतं. जमिनीवरचा कर अर्थखात्याकडे, नियोजनाचा अधिकार गावांकडे, पैसा राज्यांकडे. सहकारी असलेला फ्री डेमोक्रॅटिक पक्ष मालमत्तेच्या बाबतीत फार पुढे यायला तयार नव्हता. राज्यांच्या सभागृहात, बुंडेसराटमध्ये, विरोधकांचं बहुमत होतं. मे १९७४ मध्ये ब्रांट हेरगिरीच्या प्रकरणात पायउतार झाले, हेल्मुट श्मिट आले आणि त्यांनी फोगेल यांना न्यायखात्यात हलवलं. दीड वर्षही पुरतं भरलं नव्हतं. बांधकाम कायद्याची दुरुस्ती त्यांच्या पश्चात १९७६ मध्ये मंजूर झाली, तेव्हा किमतीतल्या वाढीचा हिस्सा वसूल करण्याचं कलम त्यातून गळालेलं होतं.

पुढची कारकीर्द गृहनिर्माणाबाहेरची आहे, म्हणून भराभर सांगतो: दहशतवादाच्या सर्वात वाईट वर्षांत न्यायमंत्री, १९८३ ला हेल्मुट कोल यांच्याविरुद्ध चान्सेलरपदाचे उमेदवार आणि पराभव, १९८७ ते १९९१ पक्षाध्यक्ष. मधला एक टप्पा मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. जानेवारी १९८१ मध्ये पश्चिम बर्लिनचं सरकार एका बिल्डरला दिलेल्या सरकारी हमीच्या कर्जामुळे कोसळलं आणि पक्षाने फोगेल यांना तिथे महापौर म्हणून पाठवलं. शहरात शंभराहून जास्त रिकाम्या इमारती तरुणांनी ताब्यात घेतल्या होत्या. त्या रिकाम्या का होत्या? मालक त्या पडायची वाट बघत होते. जुनी चाळवजा इमारत दुरुस्त करण्यापेक्षा ती पाडून अनुदानावर नवी बांधणं त्यांना फायद्याचं होतं. फोगेल यांनी मधला मार्ग काढला. नवीन घुसखोरी लगेच मोडायची, पण आधीच बसलेल्यांना उठवायचं तर मालकाने दुरुस्तीची खरी योजना दाखवायची. म्हणजे घुसणाऱ्याइतकाच मालकालाही जाब. पाच महिन्यांत निवडणूक हरून ते परतले, पण तो नियम त्यांच्या नंतरच्यांनाही टाकून देता आला नाही. मोठ्या सिद्धान्ताशिवाय, हातातल्या अधिकारात, अट घालून काम कसं होतं याचं हे उदाहरण आहे, आणि गंमत म्हणजे ते त्यांनीच घालून दिलेलं आहे.

त्यांच्यावर माझा दुसरा आक्षेप मौनाचा. १९८० च्या दशकात कामगार संघटनांच्या मालकीची ‘नोय हायमाट’ ही अवाढव्य गृहनिर्माण कंपनी संचालकांच्या भ्रष्टाचाराने बदनाम झाली. त्या निमित्ताने कोल सरकारने ना-नफा गृहनिर्माण संस्थांची करसवलतच १९९० पासून काढून घेतली. जर्मनीतलं अनुदानित घर कायम अनुदानित राहत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. सरकार बिल्डरला स्वस्त कर्ज देतं, बदल्यात तो वीस-तीस वर्षं ठरलेल्या भाड्याने घर देतो, मुदत संपली की घर बाजारात. ना-नफा संस्थांवर मात्र मुदतीनंतरही बंधन होतं, ते गेलं. त्या सुमाराला एकट्या पश्चिम जर्मनीत अनुदानित अशी जवळपास ४० लाख घरं होती. आज संपूर्ण जर्मनीत ११ लाखांच्या आसपास उरली आहेत. ड्रेस्डेनने २००६ मध्ये आपली सगळीच्या सगळी घरं विकून कर्ज फेडलं. हे सगळं घडत गेलं त्या काळात फोगेल पक्षाचे अध्यक्ष होते, नंतर ज्येष्ठ नेते होते. जमिनीच्या प्रश्नावर त्यांचा जुना आवाज त्या वर्षांत फारसा ऐकू आला नाही.

तो आला २०१९ मध्ये. फोगेल तेव्हा ९३ वर्षांचे होते, पार्किन्सनने थकले होते आणि पत्नीसह म्युनिकच्या एका वृद्धनिवासात राहत होते. त्यांनी जमिनीच्या नव्या व्यवस्थेची मागणी करणारं छोटेखानी पुस्तक लिहिलं. मांडणी १९७२ चीच: गावांनी जमीन विकू नये, विकलेली परत घ्यावी, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी, किमतीतली आयती वाढ समाजाकडे यावी. पुढच्याच वर्षी, जुलै २०२० मध्ये, ते गेले. श्रद्धांजलीत सगळ्या पक्षांनी त्यांच्या सचोटीचं कौतुक केलं. जमिनीबद्दल बोलणारे थोडे होते.

मधल्या काळात त्यांच्याच शहराने मात्र, फार गाजावाजा न करता, त्यांची जवळची कल्पना वेगळ्या वाटेने अमलात आणली होती. १९९४ पासून म्युनिकमध्ये नियम आहे: शेत वा कारखान्याच्या जागेवर घरं बांधायची परवानगी हवी असेल तर मालकाने आधी पालिकेशी करार करायचा. रस्ता, बाग, पाळणाघर यांची जागा आणि खर्च त्याने सोसायचा. घरांतला ठरलेला हिस्सा, सुरुवातीला ३० टक्के, स्वस्त भाड्यासाठी राखायचा. वाढलेल्या किमतीतला किमान एक तृतीयांश भाग मात्र मालकाकडे राहील याची हमी. कर नाही, जप्ती नाही, मालकीच्या सिद्धान्ताची चर्चा नाही. करार करायचा नसेल तर शेत शेतच राहील. मालकांनी आरडाओरडा केला आणि मग सह्या केल्या, कारण शून्यापेक्षा एक तृतीयांश जास्त असतो. २०२१ मध्ये अटी आणखी कडक झाल्या.

यावर हमखास येणारा प्रतिवाद असा की म्युनिकमध्ये हा नियम असूनही म्युनिकच जर्मनीतलं सगळ्यात महाग शहर आहे. खरंच आहे. नव्या भाडेकराराचा दर चौरस मीटरला महिना २० युरोंच्या वर गेला आहे. तिथे नोकरीला गेलेली मराठी मुलं-मुली सांगतात ते ऐकावं: एका फ्लॅटसाठी डझनावारी उमेदवार, पगाराच्या स्लिपा, पतदाखला, ‘आम्ही शांत जोडपं आहोत’ असं आर्जवी पत्र, तीन महिन्यांचं डिपॉझिट, आणि एवढं करून किल्ली मिळाली की आत स्वयंपाकघराच्या जागी नुसता नळ आणि भिंत, ओटा-कपाटं ज्याची त्याने आणायची. पण करार फक्त नव्या परवानगीच्या जमिनीला लागू आहे. ज्या जमिनीला परवानगी आधीच मिळाली, जी १९६० ते १९९४ मध्ये वाटून झाली, तिच्यावर त्याचा काही इलाज चालत नाही. आजार ३४ वर्षं मोकळा सोडला आणि मग औषध पुरेसं लागू पडलं नाही म्हणून औषधाला नावं ठेवायची, यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. किमतीतली वाढ सरकारने घ्यायची तर ती ठरवणार कोण? अधिकारी. आणि अधिकारी म्हटलं की पाकीट आलं. आपल्याकडच्या वाचकाला ही भीती अनाठायी वाटणार नाही, आणि नोय हायमाटचा इतिहास पाहता जर्मनांनाही वाटू नये. म्हणूनच मला म्युनिकची रीत फोगेल यांच्या मूळ सिद्धान्तापेक्षा बरी वाटते. हिशोब परवानगीच्या वेळीच होतो, नगरपरिषदेसमोर होतो, आणि नियम सगळ्यांना एकच आहे.

या बाबतीत महाराष्ट्राचं जर्मनीशी जुनं नातंही आहे. फ्रँकफर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या प्रयत्नातून १९०२ मध्ये तिथे कायदा झाला: विखुरलेल्या जमिनी एकत्र करायच्या, रस्त्यांसाठी हिस्सा काढायचा आणि उरलेले नीट आखलेले प्लॉट मालकांना परत द्यायचे. १९१५ च्या मुंबई इलाख्याच्या नगररचना कायद्यात ही पद्धत आली, सोबत किमतीतल्या वाढीचा हिस्सा घेण्याची तरतूदही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातही ती आहे, वाढीच्या निम्म्यापर्यंत. गुजरातने ही पद्धत जिवंत ठेवली, आपण बराच काळ विसरलो. आज मुंबई, पुणे, ठाणे, नागपूरला मेट्रोसाठी १ टक्का अधिभार घेतला जातो तो मुद्रांक शुल्काबरोबर, म्हणजे घर विकत घेणाऱ्याकडून. मेट्रोमुळे ज्याच्या जमिनीचा भाव चढला तो व्यवहार आटोपून केव्हाच निघून गेलेला असतो.

जर्मनीत २०२१ मध्ये, तब्बल २३ वर्षांनी, गृहनिर्माणाला पुन्हा स्वतंत्र खातं मिळालं. मंत्री झाल्या पोट्सडामच्या क्लारा गायवित्स. सत्ताधारी आघाडीच्या करारात लिहिलं होतं वर्षाला ४ लाख घरं, त्यातली १ लाख अनुदानित. युक्रेनचं युद्ध, महागाई आणि चौपट झालेले व्याजदर यांनी तो आकडा खाऊन टाकला: २०२२ आणि २०२३ मध्ये प्रत्येकी २ लाख ९५ हजारांच्या आसपास, २०२४ मध्ये अडीच लाखांच्या जेमतेम वर. दर वर्षी आकडा जाहीर झाला की त्यांच्या राजीनाम्याची मागणी होई. व्याजदर मंत्र्याच्या हातात नसतात, हे टीकाकारांनाही माहीत होतं. त्यांनी वोनगेल्ड मिळणाऱ्या कुटुंबांची संख्या सुमारे ६ लाखांवरून २० लाखांपर्यंत वाढवायची तरतूद केली आणि ना-नफा गृहनिर्माणाची करसवलत २०२५ पासून परत आणली. दुसरी गोष्ट मोठी होती, पण तिची बातमी झाली नाही. पहिलीबद्दल मला शंका आहे. भाडं भागवायला सरकारने पैसे दिले की ते भाडेकरूच्या खात्यातून घरमालकाकडे आणि तिथून अखेर जमिनीच्या किमतीत जाऊन मुरतात. गरजूला आज मदत हवीच, पण ल्यूके यांच्या काळापासून ज्या रांजणात हा पैसा ओतला जातोय तो भरणार कधी?

मे २०२५ पासून खातं वेरेना हुबेर्ट्स यांच्याकडे आहे, त्याही सोशल डेमोक्रॅट, राजकारणात येण्याआधी पाककृतींचं ॲप काढून यशस्वी केलेल्या. त्यांनी त्याच वर्षाच्या शरद ऋतूत ‘बांधकाम टर्बो’ मंजूर करून घेतला. एरवी कित्येक वर्षं चालणारी आराखड्याची प्रक्रिया टाळून गावाच्या संमतीने घरं बांधता येतील. गावाने तीन महिन्यांत उत्तर दिलं नाही तर संमती गृहीत. गाव संमतीला अटी घालू शकतं, कायद्यात तशी सोय आहे. म्हणजे म्युनिकसारखा करार करायचा असेल तर तो त्या तीन महिन्यांत करायचा. म्युनिककडे त्यासाठी वकील आहेत, मूल्यमापन करणारे आहेत, तीस वर्षांचा सराव आहे. चार-पाच हजार वस्तीच्या गावात बांधकाम विभाग म्हणजे अनेकदा दोन टेबलं असतात, आणि समोरच्या बाजूला बिल्डरचा वकील असतो. केंद्राने प्रत्येक गावाला वापरता येईल असा एक नमुना करार आणि जिल्हा पातळीवर तो भरून देणारी माणसं दिली तर खर्च फार नाही. तसं झालं नाही तर टर्बोने घरं उठतील, कदाचित वेगाने उठतील, पण तीन महिने उलटून गेल्यावर परवानगीच्या कागदावर अट घालायला जागा उरणार नाही.